ज्ञानदानाचा वारसा : जैन बोर्डिंगपासून औद्योगिक प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीपर्यंत

जैन परंपरेने श्रावकाला सांगितलेल्या नित्य कर्तव्यांत दानाचे स्थान मोठे आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार मानले जातात. यांतील शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. पूर्वीच्या काळी ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती करवून त्या मंदिरांना आणि मुनिसंघांना अर्पण करणे, हे या दानाचे रूप होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मात्र समाजाच्या धुरिणांनी त्याला नवे रूप दिले. शिकू इच्छिणाऱ्या गरीब मुलाच्या राहण्या-जेवण्याची आणि फीची सोय करणे हेही शास्त्रदानच होय, ही जाणीव त्यांनी समाजात रुजविली.

तत्त्वार्थसूत्रात दानाचा विचार करताना उमास्वामींनी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. दानाची श्रेष्ठता केवळ दिलेल्या रकमेवर ठरत नाही. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारही गोष्टींवर ती अवलंबून असते. आज शिष्यवृत्तीच्या प्रत्येक अर्जावर ‘पात्रता’ हा शब्द छापलेला असतो. तो याच जुन्या विचाराचे स्मरण करून देतो. गेल्या शतकाहून अधिक काळात या चारही अंगांत कसकसे बदल होत गेले, हे पाहणे सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने उद्बोधक ठरेल.

बोर्डिंगची पायाभरणी

सन १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज प्रामुख्याने शेतकरी होता. गावात चार इयत्ता झाल्या की पुढील शिक्षणासाठी मुलाला शहरात पाठवावे लागे, आणि तेथेच बहुतेकांची वाट खुंटे. फी ही अडचण होतीच. परंतु त्याहून मोठी अडचण होती ती राहावे कोठे आणि जेवावे कोठे ही. शहरात नातलग नसलेल्या मुलाला वार लावून जेवण्याखेरीज गत्यंतर नसे. वार चुकला की जेवण चुके, आणि लवकरच शाळाही सुटे.

राजर्षी शाहू महाराजांनी हे अचूक ओळखले होते. सन १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली आणि त्यानंतर महाराजांच्या उत्तेजनाने विविध समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग हे या चळवळीतील अगदी आरंभीच्या वसतिगृहांपैकी एक होय. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे एक अध्वर्यू अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्याच्या उभारणीत आणि व्यवस्थापनात पुढाकार घेतला. मुंबईचे जवाहिरे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले आणि ठिकठिकाणच्या जैन वसतिगृहांना साहाय्य केले. पुढे सन १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्याला कर्जरूपाने मदत देण्याची पद्धतही रूढ झाली. शिकून स्वतःच्या पायावर उभा राहिलेला विद्यार्थी रक्कम परत करी आणि तीच रक्कम दुसऱ्याच्या उपयोगी पडे. घेणाऱ्याला मिंधेपणा वाटू नये, हा त्यामागील हेतू लक्षणीय होता.

या काळातील मदतीचा विधी साधा होता. गावातील एखाद्या जाणत्या गृहस्थाचे शिफारसपत्र, मुलाची हुशारी आणि घरची परिस्थिती एवढ्यावर प्रवेशाचा निर्णय होई. दाता विद्यार्थ्याला ओळखत असे आणि विद्यार्थी दात्याला. या ओळखीत आपुलकीची ऊब होती. त्याचबरोबर दात्याच्या नियमांचे बंधनही होते. मदत मिळविण्याइतकेच ती टिकविणेही अवघड होते, याचा प्रत्यय कोल्हापूरच्याच एका घटनेने दिला.

नियम आणि विवेक

कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. सन १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असा बोर्डिंगचा दंडक त्यांना सांगण्यात आला. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो हे त्यांच्या विवेकाला मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची धुरा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे शाहू महाराजांनी भाऊरावांच्या राहण्याची सोय केली.

ही घटना समाजाच्या इतिहासातून वगळण्याचे कारण नाही. उलट ती आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तिचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. सन १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर पोलिसांनी अतोनात दडपण आणले. त्यांचा कोठडीत छळ झाला, प्रसंगी त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. ज्या गृहस्थांच्या कारकिर्दीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यासाठी हा त्याग करणारा विद्यार्थी त्याच बोर्डिंगच्या संस्कारांत वाढला होता. दात्याचा एक नियम चुकला असेल. तथापि ज्ञानदान वाया गेले नव्हते.

याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सन १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. सन १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. बोर्डिंगमधील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. सामान्य गृहिणींनी रोज मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते बोर्डिंगला द्यावे, ही ‘मूठ फंड’ योजना त्यांच्याच कार्यातून पुढे आली. शेठ माणिकचंदांचे द्रव्य आणि खेड्यातील माउलीची मूठ या दोहोंनी एकच कार्य केले. शक्तीनुसार त्याग हे सूत्र त्या माउलीने आचरणात आणले.

हाताला काम, कामाला मान

आरंभीच्या वसतिगृहांतील बहुतेक विद्यार्थ्यांचे लक्ष मॅट्रिक, वकिली आणि सरकारी नोकरी यांकडे होते. त्याच काळात देशात हस्तकौशल्याच्या शिक्षणाचीही पायाभरणी होत होती. मुंबईत सन १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि बडोद्यास सन १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले. सन १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथील लोखंडी नांगराचा प्रचार करीत भाऊराव पाटील काही काळ गावोगाव हिंडले होते. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान, मोटार आणि साखर या उद्योगांची मुहूर्तमेढ रोवली. सन १९४० मध्ये बंगळूर येथे विमान कारखाना निघाला आणि सन १९४८ मध्ये विशाखापट्टणम येथे ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. अशा कारखान्यांना पदवीधरांइतकीच कुशल फिटर, टर्नर, वेल्डर आणि मोल्डर यांची आवश्यकता होती. सांगली येथे सन १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे वालचंदांचेच नाव देण्यात आले.

तथापि समाजाच्या मनात हाताच्या कामाविषयी काहीसा संकोच होता, हे मान्य केले पाहिजे. दुकान किंवा शेती असलेल्या घरातील मुलाने कारखान्यात तेलकट कपडे घालावेत, हे पुष्कळांना रुचत नसे. या मनोवृत्तीला भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने मूलगामी उत्तर दिले. त्यांच्या वसतिगृहातील मुले शेतात राबत, स्वतः स्वयंपाक करीत, दगड फोडीत आणि अभ्यासही करीत. सन १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात हीच योजना उच्च शिक्षणाला जोडण्यात आली. मदत घेणारा विद्यार्थी हा याचक नसून श्रमाने आपला वाटा उचलणारा भागीदार आहे, हे या योजनेने सिद्ध केले. सन १९५९ मध्ये शासनाने कर्मवीरांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.

दानातून हक्काकडे

स्वातंत्र्यानंतर दात्याच्या स्थानी शासन आले. सन १९५० मध्ये केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या आयटीआय, देशभर उभ्या राहू लागल्या. सन १९५९ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखालील शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी माफीची सवलत दिली. सुरुवातीला वार्षिक ९०० रुपये आणि लवकरच १,२०० रुपये अशी उत्पन्नाची मर्यादा होती. ‘ईबीसी’ या तीन अक्षरांनी महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचे शिक्षण सावरले. जात न पाहता केवळ उत्पन्न पाहणारी ही सवलत असल्याने जैन समाजातील अल्पभूधारक शेतकरी, किरकोळ दुकानदार आणि मुनीम यांच्या मुलांनाही तिचा लाभ झाला.

सन १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने पुढची पायरी गाठली. कारखान्यात काम शिकणाऱ्या उमेदवाराला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. शिकताना कमावण्याचे जे तत्त्व साताऱ्याच्या शेतात रुजले होते, त्याला कायद्याचे अधिष्ठान लाभले. सन २०१९ मधील सुधारणेने उमेदवाराच्या शैक्षणिक पात्रतेनुसार किमान विद्यावेतन दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे निश्चित झाले.

जैन समाजाच्या दृष्टीने २७ जानेवारी २०१४ हा दिवस महत्त्वाचा ठरला. त्या दिवशीच्या अधिसूचनेने केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. परिणामी अल्पसंख्याकांसाठी सन २००७-०८ च्या सुमारास सुरू झालेल्या केंद्रीय शिष्यवृत्ती योजनांची दारे जैन विद्यार्थ्यांना खुली झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत, अशी अट होती. आयटीआयमधील अकरावी-बारावी स्तरावरील तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांचाही तीत समावेश होता आणि त्यांच्या फीपोटी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळे. पदवी स्तरावरील तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्ती होती. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये होती आणि ३० टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव होत्या. या केंद्रीय योजनांची मंजूर मुदत सन २०२१-२२ पर्यंत होती. राज्य शासनाने मात्र ईबीसी सवलतीलाच ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती’ असे नाव देऊन तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपयांपर्यंत वाढविली. ज्या राजाने बोर्डिंगची चळवळ उभी केली, त्याचेच नाव या योजनेला लाभावे, हा सुंदर योग होय.

विधी बदलला, अडचणही बदलली

शासन दाता झाले तेव्हा दानाचे रूपांतर हक्कात झाले. कोणापुढे हात पसरण्याची वा कोणाच्या दंडकापुढे मान तुकविण्याची वेळ विद्यार्थ्यावर राहिली नाही, हा केवढा मोठा लाभ! स्नान केले नाही म्हणून आज कोणाची शिष्यवृत्ती बंद होत नाही. तथापि विद्यार्थ्याला जवळून ओळखणारा दाताही या व्यवस्थेत उरला नाही. त्याच्या जागी कागद आला. आणि कागदाला परिस्थिती सांगता येत नाही, तो केवळ जुळतो किंवा जुळत नाही.

सन २०१५ पासून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि त्यानंतर राज्याचे महाडीबीटी पोर्टल कार्यान्वित झाले. रक्कम मधल्या हातांत न अडकता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागली. या सुधारणेमुळे पारदर्शकता आली, यात शंका नाही. परंतु गुणपत्रिकेवरील आणि आधारपत्रावरील नावात एका अक्षराचा फरक, तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची संपलेली मुदत, आधारशी न जोडलेले किंवा व्यवहाराअभावी बंद पडलेले बँक खाते, संस्थेकडून वेळेत न झालेली पडताळणी, अशा कारणांनी पात्र विद्यार्थ्याचा अर्जही परत येऊ शकतो. अनेकदा आडनावाच्या जागी ‘जैन’ आणि दाखल्यावर गावचे मूळ आडनाव, असा घोळ आपल्या समाजात विशेष आढळतो. पूर्वी वार चुकला की जेवण चुके. आता तारीख चुकली की वर्ष चुकते.

मदत मिळाल्यानंतर ती टिकविणे हा दुसरा टप्पा, आणि तेथेच अधिक विद्यार्थी गळतात. बहुसंख्य शिष्यवृत्त्या एका वर्षासाठी मंजूर होतात आणि दरवर्षी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. ते आपोआप होत नाही, ही साधी गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. मागील वर्षाचे गुण, नियमित उपस्थिती आणि अभ्यासक्रमातील सातत्य यांवर नूतनीकरण अवलंबून असते. आयटीआयमध्ये अंतिम परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती आवश्यक मानली जाते. घरची शेती, सुगी, दुकान किंवा एखादे लग्नकार्य यांसाठी मुलाला पंधरा-पंधरा दिवस घरी ठेवून घेणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवला पाहिजे. मध्येच अभ्यासक्रम वा संस्था बदलल्यासही मदत खंडित होण्याचा संभव असतो. एकाच कारणासाठी दोन शिष्यवृत्त्या घेण्यास सामान्यतः मनाई असते. तसे आढळल्यास रक्कम परत करावी लागते, आणि विश्वासाची हानी होते ती वेगळीच. अचौर्य आणि सत्य ही व्रते अर्जावरील उत्पन्नाच्या रकान्यातही पाळावयाची असतात. सधन घरातील मुलाने कमी उत्पन्नाचा दाखला जोडला, तर एखाद्या खऱ्या गरजू मुलाचा घास तो हिरावून घेतो.

संस्थांचे आजचे कर्तव्य

मग समाजाच्या न्यासांना आता काही काम उरले आहे काय? इतिहासाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. शासनाजवळ द्रव्य आहे. ओळख मात्र समाजाजवळच आहे. ज्या कामी शंभर वर्षांपूर्वी शिफारसपत्र लिहिणारा जाणता गृहस्थ उपयोगी पडला, त्याच कामी आज अर्ज भरून देणारा, दाखल्यांची तारीख पाहणारा आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारा कार्यकर्ता उपयोगी पडू शकतो. जून महिन्यात मंदिराच्या किंवा स्थानकाच्या सभागृहात एक संगणक, एक माहितगार तरुण आणि आवश्यक कागदपत्रांची फलकावर लावलेली यादी एवढ्या अल्प साधनांवर हे कार्य होऊ शकते. कोणत्या योजना चालू आहेत आणि कोणत्या बंद झाल्या, याची त्या वर्षीची अधिकृत माहिती तेथे मिळाली तरी पालकांची निम्मी पायपीट वाचेल.

दुसरे कर्तव्य आहे ते मधला काळ सांभाळण्याचे. शिष्यवृत्ती मंजूर होते, परंतु रक्कम अनेकदा विलंबाने येते. फी, वसतिगृहाचा खर्च, हत्यारांचा संच आणि एसटीचा पास यांसाठी पैसे मात्र आरंभीच लागतात. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेणारा मुलगा या चार-सहा महिन्यांतच शाळा सोडतो. अशा वेळी न्यासाने बिनव्याजी तात्पुरती रक्कम द्यावी आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ती परत घ्यावी. विद्यार्थ्याच्या स्वाभिमानाला धक्का न लावता मदत फिरती ठेवण्याचा हा मार्ग पूर्वसुरींनीच घालून दिलेला आहे.

तिसरे कर्तव्य मनाचे आहे. गुणवंतांच्या सत्कार समारंभात डॉक्टर, अभियंता आणि सनदी लेखापाल यांना शाल-श्रीफळ दिले जाते, ते योग्यच आहे. त्याच व्यासपीठावर फिटरची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला मुलगा आणि शिवणकलेचा अभ्यासक्रम पूर्ण करून चार घरांना काम देणारी भगिनी यांनाही बोलाविले गेले पाहिजे. श्रमाला मान मिळाल्याविना श्रमाच्या शिक्षणाला विद्यार्थी मिळत नाहीत.

कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून एका विद्यार्थ्याला बाहेर पडावे लागले आणि त्यातून महाराष्ट्राला कर्मवीर लाभले, हे खरे. परंतु बाहेर पडावे लागलेला प्रत्येक विद्यार्थी कर्मवीर होत नाही. बहुतेक जण निमूटपणे गावी परततात आणि त्यांची नावे कोणत्याही इतिहासात येत नाहीत. कोणाचा अर्ज एका दाखल्यासाठी अडला, कोणाची दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती नूतनीकरणाअभावी थांबली, याची चौकशी जो समाज करतो, त्या समाजातच विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारही अंगांनी दान पूर्ण होते. पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेसाठी पुढील पन्नास वर्षांचा याहून उचित संकल्प दुसरा नसावा.